गाळाखालचा इतिहास आणि आवाजाची पारख

मंडळी, आठवड्याच्या बाजारात माठ घ्यायला गेलेली बाई काय करते? माठ उचलते, बोटाने त्यावर टिचकी मारते आणि कान देते. आवाज खणखणीत आला तर पैसे काढते, बद्द आला तर माठ होता तिथे ठेवून पुढे जाते. चांदीचा रुपया चालत होता त्या काळी दुकानदारसुद्धा रुपया दगडावर वाजवून मगच गल्ल्यात टाकी. वस्तूच्या पोटात काय आहे ते डोळ्याला दिसत नसेल तर कानाला विचारावे, ही रीत आपल्याला नवी नाही.

आज ज्या विद्येविषयी बोलायचे आहे, ती याच रीतीची थोरली बहीण. समुद्राच्या तळाशी, गाळाखाली गाडल्या गेलेल्या वस्तू आवाजाच्या साहाय्याने शोधण्याची ही विद्या. तिच्या यंत्राला ‘सोनार’ म्हणतात. आपल्या गावच्या पेठेतल्या सोनाराशी या नावाचे नाते नाही बरं का! ‘ध्वनीने मार्ग शोधणे आणि अंतर मोजणे’ अशा अर्थाचे जे इंग्रजी शब्द आहेत, त्यांच्या आरंभीच्या अक्षरांवरून अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे नाव रूढ झाले. पण पारख करणे हे काम मात्र दोघांचेही.

कोणी म्हणेल, अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, हा पडला घाटमाथ्यावरचा. इथे समुद्र कुठला? खरे आहे. पण जमिनीत गाडलेला इतिहास म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असणार? प्रवरेकाठी जोर्वे, नेवासे, दायमाबाद ही गावे पांढरीच्या मातीखालून साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची घरे आणि मडकी बाहेर काढून बसली आहेत. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादेत १९७४-७५ साली ज्यांनी उत्खनन केले, त्या डॉ. एस. आर. राव यांनीच पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, १९८१ पासून, द्वारकेजवळच्या समुद्रात शोध चालवला. म्हणजे प्रवरेच्या काठावरून समुद्राच्या तळापर्यंत वाट गेली आहे. त्या वाटेने आपण थोडे चालू या.

आधी आवाजाचे गणित पाहू. कळसूबाईच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात हाक मारली की समोरच्या कड्यावर आपटून ती परत येते. हवेत आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. हाक परत यायला दोन सेकंद लागले, तर आवाजाने जाऊन-येऊन ६८० मीटर वाट कापली, आणि कडा त्याच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे ३४० मीटरवर आहे, असा हिशेब होतो. शिक्षकबंधूंना हे सांगायला नको.

पाण्यात आवाज याहून कितीतरी वेगाने धावतो. १८२६ मध्ये स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाच्या सरोवरात कोलादों आणि स्टुर्म या दोन संशोधकांनी ही गोष्ट मोजून दाखवली. एका होडीतून पाण्यात घंटा सोडली होती. घंटा वाजवायची त्याच क्षणी होडीवर दारू पेटवायची, असा बेत. तेरा किलोमीटरांहून अधिक दूर दुसऱ्या होडीत कोलादों पाण्यात नळी बुडवून कान लावून बसले. रात्रीच्या अंधारात दारूचा उजेड दिसला की घड्याळ सुरू, घंटेचा आवाज आला की बंद. नऊ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागला. त्यावरून त्या थंड पाण्यातला वेग सेकंदाला १४३५ मीटर निघाला. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो साधारण १५०० मीटर धरतात.

पण या ज्ञानाचा उपयोग व्हायला मोठा अपघात घडावा लागला. १९१२ च्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ हे प्रचंड जहाज हिमनगावर आपटून बुडाले आणि दीड हजारांवर माणसे गेली. अंधारात पुढचा हिमनग कळणार कसा, हा प्रश्न तेव्हा साऱ्या जगाला पडला. १९१४ मध्ये फेसेंडेन यांच्या यंत्राने पाण्यात आवाज सोडून सुमारे तीन किलोमीटर दूर असलेल्या हिमनगाचा प्रतिध्वनी टिपला. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले आणि पाणबुड्यांनी जहाजे बुडवायला सुरुवात केली. फ्रान्समध्ये लांजव्हँ या शास्त्रज्ञाने गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाच्या चकत्या वापरल्या. अशा स्फटिकाला विजेचा झटका दिला की तो थरथरतो आणि आवाज निघतो. उलट आवाज येऊन त्यावर आदळला की त्यातून वीज निघते. एकच वस्तू बोलणारी आणि ऐकणारी झाली. युद्ध संपल्यावर हीच विद्या समुद्राची खोली मोजायला वापरू लागले.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. तळाची खोली कळली. पण तळाच्या गाळाखाली काही पुरलेले असेल तर ते कसे कळणार?

दूरच्या गावची जत्रा आठवा. वाऱ्यावर पहिल्यांदा काय ऐकू येते? ढोल. झांजेचा आवाज मधेच कुठे विरून जातो. घराचे दार लावून घेतले तरी ढोलाचा घुमारा भिंतीतून आत येतो. खर्जाचा आवाज दूर जातो आणि आडोसा भेदतो; बारीक, तीक्ष्ण आवाज लवकर मरतो, पण त्याला बारकावे दाखवण्याचे अंग असते. समुद्रशोधकांनी या दोन्ही गुणांचा उपयोग केला आहे. एक यंत्र होडीमागे दोरीने ओढतात. ते दोन्ही बाजूंना अतिशय तीव्र आवाज फेकते. तो आपल्या कानाला ऐकूही येत नाही, इतका वरच्या पट्टीतला असतो. त्याने तळाच्या पृष्ठभागाचे चित्र उमटते: खडक, वाळूच्या लाटा, उघडे पडलेले जहाज, आणि त्यांची सावलीसुद्धा. दुसरे यंत्र सरळ खाली खर्जातला आवाज सोडते. तो आवाज गाळाच्या पृष्ठावर थोडासा परततो, उरलेला आत शिरतो, खालच्या प्रत्येक थरावर थोडाथोडा परततो. विहीर खणताना काळी, मुरूम, मांजऱ्या, खडक असे थर लागतात ना? तसेच थर कागदावर रेघांनी उमटतात. त्या सारख्या चाललेल्या रेघांत मधेच एखादी गाठ किंवा खाच दिसली, की शोधक कान टवकारतो. तिथे काहीतरी पुरलेले आहे.

या यंत्राच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. घट्ट वाळूत आणि खडकात खर्जाचा आवाजही फार खोल जात नाही. आणखी एक अडचण आपल्या पश्चिम किनाऱ्याला विशेष आहे. किनाऱ्याजवळच्या मऊ गाळात झाडपाला आणि जीवजंतू कुजून वायू साठतो. आपल्या गोबरगॅसच्या टाकीत साठतो तसाच. या वायूच्या बुडबुड्यांवर आवाज अडतो आणि त्याखालचे सारे झाकून जाते. ढोलही तिथे हरतो.

या विद्येने इतिहासात काय मिळवून दिले, त्याचा एक दाखला इंग्लंडचा आहे. आठव्या हेन्री राजाचे ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमारासमोर, पोर्ट्समथ बंदराजवळ बुडाले. १८३६ मध्ये कोळ्यांची जाळी तळाशी कशात तरी अडकली, पाणबुड्यांनी उतरून तोफा काढल्या, आणि नंतर ती जागा लोक पुन्हा विसरले. गाळाने सारे झाकून टाकले. सव्वाशे वर्षांनी अलेक्झांडर मॅकी नावाच्या लेखकाने शोध पुन्हा सुरू केला. अमेरिकेतील प्राध्यापक हॅरॉल्ड एडगर्टन यांनी विकसित केलेली ध्वनियंत्रे १९६७ च्या सुमारास त्या पाण्यावरून फिरवली, तेव्हा वर सपाट दिसणाऱ्या गाळाखाली एक वेगळाच आकार उमटला. एवढ्यावर कोणी जयजयकार केला नाही. पाणबुडे पुन:पुन्हा उतरले. १९७१ मध्ये जहाजाच्या फासळ्यांची लाकडे नजरेस पडली. मग अनेक वर्षे, एकेक थर काढत, प्रत्येक वस्तूची जागा लिहून ठेवत काम चालले, आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी जहाजाचा उरलेला सांगाडा पाण्याबाहेर आला. आवाजाने फक्त जागा दाखवली. पुढली पंधरा वर्षे कष्टाची होती.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ते लाकूड चारशे वर्षे टिकले, ते गाळात पुरले गेले म्हणूनच. उघड्या समुद्रात लाकूड पोखरणारे जीव त्याचा फडशा पाडतात. गाळात त्यांना शिरकाव नसतो, हवाही पोचत नाही. म्हणून समुद्राच्या बाबतीत असे म्हणावे लागते की जे गाडले गेले तेच वाचले.

हे ऐकल्यावर मराठी माणसाला आपले आरमार आठवल्याशिवाय कसे राहील? सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखावर विजयदुर्ग उभा आहे. याचेच जुने नाव घेरिया. शिवाजी महाराजांच्या काळात तो स्वराज्यात आला आणि पुढे कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या वंशजांच्या आरमाराचे बळकट ठाणे बनला. १७२० मध्ये इंग्रजांनी आणि १७२४ मध्ये डचांनी त्यावर चढाई केली. दोघांनाही हात हलवत परतावे लागले. किल्ल्याजवळच गिर्ये येथे जहाजांच्या दुरुस्तीची गोदी होती. तिचे अवशेष आजही दाखवतात.

विजयदुर्गाविषयी एक गोष्ट किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. किल्ल्यासमोर समुद्रात पाण्याखाली एक भिंत आहे, ती वरून दिसत नाही, आणि शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत. पुढे समुद्रतळाच्या पाहण्या झाल्या, आणि या भिंतीची म्हणून मापेही छापली गेली: सुमारे १२२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, ३ मीटर उंच, आणि पाण्याखाली आठ-दहा मीटर. ऐकून छाती फुगते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने छाती फुगवण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न असा. कोकणचा किनारा जांभ्या दगडाचा. जांभा नैसर्गिक रीतीनेही सरळ रेषेत तुटतो आणि तट बांधल्यासारखा दिसतो. आवाजाच्या यंत्राला उंचवटा कळतो, त्याची लांबी-रुंदी कळते. तो माणसाने रचला की निसर्गाने, हे मात्र त्याला सांगता येत नाही. त्यासाठी खाली उतरून पाहावे लागते. दगड घडवलेले आहेत का? छिन्नीच्या खुणा आहेत का? थरावर थर आहेत का? पाया कशावर आहे?

दुसरा प्रश्न कागदपत्रांचा. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसनचे इंग्रज आरमार आणि क्लाइव्हचे सैन्य विजयदुर्गावर आले. पेशव्यांचाही त्या मोहिमेत हात होता. त्या वेळी इंग्रजांची मोठी जहाजे खाडीच्या मुखात शिरून किल्ल्याच्या अगदी जवळून तोफा डागत होती. भिंत असलीच, तरी तिने त्या दिवशी ती वाट अडवली नाही, एवढे यावरून दिसते. म्हणून लोककथा खोटी म्हणून फेकून देऊ नये, आणि खरी म्हणून पाठ्यपुस्तकातही घालू नये. ती शोधाची सुरुवात आहे, शेवट नव्हे.

त्याच लढाईत आणखी एक घटना घडली. तोफेच्या गोळ्याने तुळाजी आंग्र्यांच्या एका जहाजाला आग लागली. एकमेकांना लागून उभी असलेली गलबते आणि गुराबे पेटत गेली. पाहता पाहता आंग्र्यांचे आरमार जळून पाण्यात गेले. आज त्या आरमारातील एकही लढाऊ जहाज आपल्याला उभे राहून पाहता येत नाही. त्यांचे जे काही उरले असेल, एखादी तोफ, एखादा नांगर, जळक्या लाकडाची एखादी फासळी, ते खाडीच्या गाळातच असणार. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी विजयदुर्गाच्या परिसरातील जुन्या दगडी नांगरांचा अभ्यास करून तो १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. साधे भोक पाडलेले दगड, पण कोणत्या धाटणीची जहाजे इथे लागत होती, याची ती साक्ष आहे. मला विचाराल तर अदृश्य भिंतीपेक्षा हे नांगर आणि तो गाळ मला अधिक मोलाचा वाटतो.

घाईने काय होते, त्याचेही उदाहरण आहे. २००१ मध्ये खंबायतच्या आखातात पाण्याच्या प्रदूषणाची पाहणी चालू असताना चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या यंत्रांनी तळावर चौकोनी, रेखीव आकार टिपले. मग तळ खरवडून वस्तू वर काढल्या. त्यांतल्या लाकडाच्या एका तुकड्याचे वय सुमारे साडेनऊ हजार वर्षे निघाले आणि समुद्रात बुडालेले जगातले सर्वांत जुने नगर सापडले, असा गाजावाजा झाला. पण अनेक पुरातत्त्वज्ञांनी शंका काढली. लाकूड जुने असेल. त्यावरून ते आकार तितकेच जुने कसे ठरतील? त्या आखातात भरती-ओहोटीचे प्रवाह अतिशय जोराचे. कुठले लाकूड कुठून वाहत आले, कोण सांगणार? तळ खरवडला गेला, तेव्हा कोणती वस्तू कोणत्या थरात होती हेही पुसले गेले. साक्षीदार सापडला, पण त्याचा पत्ता हरवला.

आणि नेमका हाच धडा आपल्या घरचा आहे. १९७४ मध्ये दायमाबाद येथे एका शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना चार ओतीव मूर्ती सापडल्या: दोन बैलांचा रथ आणि त्यावर उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथ जवळजवळ ४५ सेंटिमीटर लांब. चारींचे मिळून वजन साठ किलोंवर. असे काम हिंदुस्थानात क्वचितच कुठे मिळाले आहे. डॉ. राव आणि इतर काही विद्वानांनी त्या उत्तर-हडप्पा काळाच्या ठरवल्या. दुसऱ्यांनी धातू तपासून म्हटले, यात आर्सेनिक, म्हणजे सोमलाचे मूळद्रव्य, एक टक्क्याहून अधिक आहे. इथल्या त्या काळच्या तांब्याच्या वस्तूंत तसे आढळत नाही, तेव्हा मूर्ती पुढच्या काळातल्या असाव्यात. वाद पेटला. का पेटला? मूर्ती शास्त्रशुद्ध उत्खननात, थराथराने खाली जाताना मिळाल्या नाहीत. नंतर त्या जागेची उत्खनने झाली, वस्तीचे पाच थर उलगडले. पण मूर्ती ज्या मातीत होत्या तिची साक्ष पुरती मिळाली नाही. यात त्या शेतकऱ्याचा काडीचाही दोष नाही. तो मुळे काढत होता, इतिहास शोधत नव्हता. पण मातीत वस्तू कुठे आणि कशाशेजारी पडली आहे, हे वस्तूइतकेच मोलाचे असते, हे दायमाबाद आपल्याला शिकवते.

आता सोनारचे खरे मोल कळेल. न खणता, न हलवता, न मोडता आत काय आहे ते सांगणे, हे त्याचे मोठे काम. ते पत्ता सांगते आणि पत्ता मोडत नाही. काळ ठरवणे हे त्याचे काम नव्हे. त्यासाठी पाणबुडा, मोजपट्टी, कुंचला आणि नोंदवही लागते.

हे यंत्र आपल्या कामालाही येते, एवढे जाता जाता सांगतो. धरणात किती गाळ साठला हे मोजायला होडीतून आवाज सोडतात. बारीक आवाज गाळाच्या माथ्यावरून परततो, खर्जाचा आवाज मऊ गाळातून खाली जाऊन जुन्या तळावरून परततो. दोहोंतला फरक म्हणजे गाळाची जाडी. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले. अशा जुन्या धरणांत पाण्याची किती जागा गाळाने खाल्ली, हा प्रश्न पाटाच्या पाण्यावर ऊस आणि गहू करणाऱ्याला किती जवळचा आहे, हे सांगायला नको.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. मुलांना घेऊन शाळेच्या मोठ्या भिंतीपासून ८५ मीटरवर उभे राहा आणि टाळी वाजवा. प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने येईल. तिथून पाण्यातले गणित करायला द्या: विजयदुर्गापाशी दहा मीटर खोलीवरून आवाज परत यायला किती वेळ लागेल? उत्तर येईल सेकंदाचा सुमारे पंचाहत्तरावा भाग. एवढा बारीक वेळ मोजणारे यंत्र माणसाने घडवले, याचे मुलांना नवल वाटू द्या.

आणि शेतकरीबंधूंना एवढीच विनंती. नांगराच्या फाळाला किंवा विहिरीच्या खोदकामात मडकी, नाणी, मूर्ती, जुन्या विटांची ओळ असे काही लागले, तर तिथले काम थांबवा. वस्तू घरी नेऊन घासूनपुसून ठेवू नका. जागा जशीच्या तशी राहू द्या आणि तलाठ्यामार्फत तहसीलदारांना कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारकच आहे. समुद्राच्या तळाशी माणसाला एवढे मोठे यंत्र घेऊन जावे लागते; तुमच्या शेतात ते काम तुमचे दोन डोळे आणि थोडा धीर करू शकतो.